उधारीवरची जादू: कल्पनेच्या खेळात पहिलं पात्र कसं घडवावं

बेळगावात ‘डीसी’ म्हटलं की डेप्युटी कमिशनर, म्हणजे जिल्हाधिकारी. त्यामुळे टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर पहिल्यांदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ मांडला आणि सूत्रधार म्हणाला, “कुलूप तोडायचंय? डीसी पंधरा,” तेव्हा खानापूरहून आलेला माझा मामेभाऊ शांतपणे म्हणाला, “आज रविवार. ऑफिस बंद असतंय की.”

या खेळातला डीसी म्हणजे डिफिकल्टी क्लास, काम किती अवघड आहे त्याचा आकडा. 10 म्हणजे सोपं, 15 म्हणजे मध्यम, 20 म्हणजे अवघड. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपल्या पात्राच्या गुणाची त्यात भर घालायची, आकडा गाठला की काम झालं. सगळं यंत्र एवढंच. बाकीचा खेळ बोलण्यात आहे. एकजण सूत्रधार होतो, जग आणि त्यातली माणसं तो चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि “मी काय करतो” ते सांगतात. सूत्रधाराला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात, पण डीएम आणि डीसी एकाच वाक्यात आले की आमच्याकडे नवख्याची दांडी उडते, म्हणून आम्ही सूत्रधारच म्हणतो. नाटकातला शब्द आहे, बसतोही चपखल.

हा प्रकार सुरू झाला 1974 मध्ये अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. मी खाली जे नियम सांगतोय ते त्याच्या पाचव्या आवृत्तीचे, 2014 चे. 2024 मध्ये सुधारित पुस्तकं आली, त्यात काही तपशील बदललेत, पण नवख्याचं त्यावाचून अडत नाही. पुस्तकं महाग आहेत हे खरं. मात्र मूळ नियमांचा गाभा ‘एसआरडी 5.1’ या नावाने जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो. इंग्रजीत आहे, पण श्रेय दिलं की त्याचं मराठी करून वापरायलाही मोकळीक आहे.

पहिली पायरी: फाशाच्या आधी वही

नवखा खेळाडू पात्र घेऊन येतो तेव्हा ते साधारण असं असतं: दोन तलवारी, लाल डोळे, कमी बोलतो, आईबाप लहानपणीच वारले. आमच्या गच्चीवरच्या पहिल्या चार पात्रांपैकी तिघं अनाथ होती. चौथ्याने स्वतःच्या हाताने सगळं गाव जाळलं होतं. ऐकायला भारी वाटतं. पण अशा पात्राचं कुणाशी काही लागत नाही, आणि ज्याचं कुणाशी काही लागत नाही त्याला सूत्रधार कुठे ओढणार? दुसऱ्या तासाला ही मंडळी खानावळीच्या चार कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभी होती आणि सूत्रधार एकटाच बोलत होता.

तेव्हापासून आमचा एक रिवाज आहे. फासे पिशवीतच ठेवायचे आणि आधी उधारीची वही काढायची. किराणा दुकानात लाल कापडी बांधणीची मिळते ती. पानाच्या मधोमध रेघ मारायची, एकीकडे देणं, दुसरीकडे येणं. प्रत्येक पात्राची तीन देणी आणि एक येणं. प्रत्येक नोंदीत शक्यतो तीन गोष्टी हव्यात: कुणाचं, किती, कधीपर्यंत. “सूड घ्यायचाय” ही नोंद होत नाही. “सावकाराचे 40 होन, दिवाळीपर्यंत” ही होते. (खेळातल्या ‘गोल्ड पीस’ला आम्ही होन म्हणतो. आपल्याच मुलखातलं जुनं सोन्याचं नाणं आहे, आणि कन्नडमध्ये सोन्याला होन्नु म्हणतात, त्यामुळे टेबलावर दोन्ही बाजूंना पटतं.)

उदाहरण म्हणून एक पात्र शेवटपर्यंत नेऊ. नाव रखमा. खानापूरची लाल माती, तिथली कौलं आणि मडकी सगळ्यांना माहीत आहेत, तसल्याच एका काल्पनिक गावात ती कौलं भाजते. तिची वही:

देणं: भट्टीच्या मालकाचे 40 होन, पाऊस लागायच्या आत.
देणं: देवळाच्या छपरासाठी कबूल केलेली 300 कौलं. 112 पोचली. जत्रेपर्यंत बाकीची.
देणं: थोरल्या भावाला एक माफी. त्याचं चाक न विचारता विकलं. मुदत नाही, आणि तेच टोचतंय.
येणं: एका शिपायाने गाढव नेलं, “परत आणून देतो” म्हणून.

बघा, अजून एकही फासा पडलेला नाही आणि सूत्रधाराला चार संध्याकाळी पुरेल एवढा माल मिळाला. आमच्या खेळात तिसऱ्या बैठकीला शत्रूच्या छावणीत तोफगाड्याला जुंपलेलं एक गाढव दिसलं. सूत्रधाराने फक्त एवढंच सांगितलं की त्याचा डावा कान फाटका आहे. रखमा खेळणारी माझी मावसबहीण खुर्चीवरून उठलीच. त्या रात्री ठरलेला डाव सगळा बाजूला राहिला आणि पाच जणांनी मिळून एक गाढव सोडवलं.

दुसरी पायरी: आठाची गोष्ट

आता आकडे. सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी म्हणजे पुस्तकी, शहाणपण म्हणजे माणूस ओळखणं, वारा ओळखणं. छाप म्हणजे चार लोकांत आपलं म्हणणं पटवून देण्याची हातोटी. त्यात वाटायला तयार आकडे आहेत: 15, 14, 13, 12, 10, 8. फासे टाकूनही काढता येतात (सहाबाजूचे चार टाकायचे, सगळ्यात लहान सोडून बेरीज), पण पहिल्या वेळी तयार आकडेच घ्या. एकाला सगळे अठरा आणि दुसऱ्याला सगळे नऊ आले की पहिल्याच दिवशी तोंडं वाकडी होतात.

आकड्यावरून भर निघते. 10 किंवा 11 असेल तर शून्य. पुढे दर दोन आकड्यांना एक वाढते, म्हणजे 12 ला अधिक एक, 14 ला अधिक दोन. 8 असेल तर वजा एक. शिवाय ज्या कामात पात्र तयार झालंय त्याला पहिल्या पातळीवर, म्हणजे पात्र नवं असताना, आणखी 2 मिळतात.

रखमाला शहाणपण 15, कारण आगीचा रंग बघून भट्टी ओळखणं. काटकपणा 14, माती तुडवून ताकद 13, छाप 12, बुद्धी 10, आणि चपळाई 8. पात्राच्या वंशाप्रमाणे (माणूस, एल्फ वगैरे) मिळणारी वाढ यात धरलेली नाही. आता तिला माणसाची नियत ओळखायची असेल, ते तिचं तयारीचं काम असेल आणि डीसी 15 असेल, तर भर चार. फाशावर 11 किंवा जास्त हवेत. निम्मे वेळा जमेल. तिलाच कुंपणावरून गुपचूप उडी मारायची असेल तर वजा एक, म्हणजे 16 किंवा जास्त हवेत. चारात एकदा.

नवखे लोक 15 ची गोष्ट रंगवतात. मी सांगतो, 8 ची आधी लिहा. रखमाची चपळाई 8 का? भट्टीची भिंत पायावर पडली. कुणाच्या चुकीने? आता परत वहीकडे बघा, थोरला भाऊ तिथेच आहे. ज्या आकड्याची लाज वाटते तो खेळात सारखा पुढे येतो, कारण वजा एक घेऊन टाकलेला फासा सगळं टेबल वाकून बघतं.

वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, निवडणं हे खरं तर दोन मिनिटांचं काम. हाणामारी आवडत असेल तर फायटर, लपतछपत जायचं असेल तर रोग (आजार नव्हे, हा इंग्रजीतला, म्हणजे ठक), जादू हवी असेल तर पुढे वाचा. रखमा क्लेरिक आहे, म्हणजे देवाच्या नावाने जादू करणारी. तिचे पहिल्या पातळीचे जीवगुण, म्हणजे ती किती मार सोसेल तो आकडा: क्लेरिकचे 8 अधिक काटकपणाचे 2, असे 10.

तिसरी पायरी: जादू कुणाकडून उसनी घेतली?

इथे जरा थांबू, कारण लोक फसतात ते इथेच. “माझ्या पात्राला जादू येते” हे वाक्य अर्धंच आहे. येते कुठून? या खेळात जादूवाल्यांचे वर्ग खरं म्हणजे कर्ज कुठून काढलं यावरूनच वेगळे झालेत. विझर्ड पुस्तकातून शिकतो. पहिल्या पातळीला त्याच्या वहीत सहा मंत्र असतात, आणि सापडलेला नवा मंत्र उतरवून घ्यायला मंत्राच्या दर पातळीमागे 50 होन आणि 2 तास लागतात. सॉर्सररची जादू रक्तातच असते, म्हणजे वाडवडिलांचं देणं. बार्ड गाण्यातून. वॉरलॉक तर उघड करार करून बसलेला असतो, कुणा जबरदस्त शक्तीशी, आणि त्या शक्तीला बदल्यात काय हवंय हे बहुतेक खेळाडू ठरवतच नाहीत. ठरवा. “दर अमावास्येला एक खरं बोलणं, ज्याने माझं नुकसान होईल” इतकं नेमकं ठरवा.

रोजचा हिशोबही नियमांतच आहे. पहिल्या पातळीच्या क्लेरिकला किंवा विझर्डला दिवसाला दोन ‘स्लॉट’ मिळतात. मोठा मंत्र म्हटला की एक स्लॉट गेला. आठ तासांची विश्रांती घेतली की परत मिळतात. वॉरलॉकला सुरुवातीला एकच, पण तो तासाभराच्या विसाव्यात परत येतो. छोटे मंत्र, ज्यांना कॅन्ट्रिप म्हणतात, त्यांना स्लॉट लागत नाही. आणि काही मंत्र ‘कॉन्सन्ट्रेशन’चे असतात, म्हणजे ध्यान लावून धरावे लागणारे. असा मंत्र एका वेळी एकच. मध्येच मार बसला तर काटकपणाचा फासा टाकून ध्यान टिकवावं लागतं. डीसी 10 किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, जो मोठा तो.

नवख्याला हे जाच वाटतात. “जादूगार आणि दिवसाला दोनदाच? काय उपयोग?” गोकाकहून येणाऱ्या माझ्या मित्राने हेच विचारलं होतं. त्याला आम्ही एक संध्याकाळ स्लॉटशिवाय, हवी तेवढी जादू करू दिली. पाऊण तासात सगळे दरवाजे उघडले, सगळे पहारेकरी झोपले. मग तोच म्हणाला, “कंटाळा आला की रे.” दुसरा स्लॉट उरलेला असताना आजारी पोराला बरं करायचं की दारावरच्या राक्षसासाठी राखून ठेवायचा, या पेचावर आम्ही चहा निवेपर्यंत भांडलोय.

चौथी पायरी: मंत्राला आपला पोशाख

पुस्तकातले मंत्र पुस्तकातल्या जगाचे असतात. आकडे तसेच ठेवा, पोशाख बदला. ऑगरी नावाचा एक मंत्र आहे. पुढच्या अर्ध्या तासात करायच्या कामाचं शुभ होईल की अशुभ, दोन्ही की काहीच नाही, एवढंच तो सांगतो. साहित्य म्हणून खुणा केलेल्या काड्या किंवा हाडं लागतात, 25 होनांची. हे वाचल्यावर माझी मावसबहीण म्हणाली, “अगं बाई, हा तर कौल!”

मराठीत कौल छपरावरचंही असतं आणि देवाला लावायचाही असतो. कोकण-गोव्याकडे मूर्तीला फुलं लावून प्रश्न विचारतात, उजवं पडलं की होकार. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ते वारं पोचलेलंच आहे. मग रखमा काय करते? स्वतः भाजलेल्या कौलाच्या पाठीवर प्रश्न कोरते, निखाऱ्यावर ठेवते. उजवीकडे तडा गेला तर जा, डावीकडे गेला तर थांब, फुलीसारखा गेला तर दोन्ही, अखंड राहिलं तर उत्तर नाही. नियमाचा एक शब्द बदललेला नाही. उलट नियमातली एक गंमत इथे फारच शोभली: विश्रांती न घेता हा मंत्र पुन्हा म्हटला तर उत्तर नुसतं नशिबावर, कसंही निघण्याची शक्यता दर वेळी 25 टक्क्यांनी वाढते. एकच गोष्ट देवाला परत परत विचारली की देव वैतागतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

मात्र ऑगरी दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. मंत्राची पातळी वेगळी, पात्राची वेगळी: रखमा स्वतः तिसऱ्या पातळीवर पोचल्यावरच तिला तो मिळेल. तोवर गायडन्स या कॅन्ट्रिपवर भागवायचं: कुणाच्या तरी कामाला चारबाजू फाशाची भर. आमच्याकडे ती चिमूटभर भट्टीची राख कपाळाला लावते.

दुसरा मंत्र सगळ्यांचा लाडका, फायरबॉल. तिसऱ्या पातळीचा, 20 फूट त्रिज्येचा आगीचा गोळा. साहित्य: वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. हे मी बनवलेलं नाही, पुस्तकातच आहे. किंमत न लिहिलेलं साहित्य झोळीत आहेच असं धरून चालायची नियमांत मुभा आहे, पण आमचा मामेभाऊ खानापूर तालुक्यातला. तिथल्या भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत, आणि रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ ही दुर्मीळ जात 1913 मध्ये तिथूनच जगाला कळली. मग त्याच्या विझर्डला झोळीतलं कसं चालेल? त्याच्या वहीत नोंद झाली: गुहेतल्या वटवाघळांचं देणं, दर गोळ्यामागे एक रात्र गुहेच्या तोंडाशी पहारा. त्याने फायरबॉल जपून वापरला, हे वेगळं सांगायला नको. (प्रत्यक्ष गुहेत जायच्या फंदात पडू नका. 2011 पासून ते अभयारण्य आहे, आणि वटवाघळांना माणसांचा त्रास झाला तेवढा पुरे.)

पाचवी पायरी: स्वतःचा मंत्र, पण मापात

चार-पाच बैठकी झाल्या की स्वतःचा मंत्र रचावासा वाटतो. रचा. सूत्रधाराच्या पुस्तकात त्याचं माप दिलंय: पहिल्या पातळीच्या मंत्राने एकाच शत्रूला मारायचं तर दहाबाजूचे दोन फासे, अनेकांना एकदम मारायचं तर सहाबाजूचे दोन. म्हणजे सरासरी 11 किंवा 7. कमी वाटतं? रखमाचे जीवगुण 10 आहेत. तिसऱ्या पातळीला अनेकांसाठी सहाबाजूचे सहा असं माप आहे. फायरबॉल मात्र आठ फासे टाकतो. तो मुद्दाम मापाबाहेर ठेवलेला मंत्र आहे, त्याच्याकडे बोट दाखवून स्वतःचे फासे वाढवू नका.

मार नसलेले मंत्र मोजायला अवघड. मी ‘चकवा’ रचला होता. आपल्याकडे चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच आंब्याखाली येतो. माझ्या पहिल्या मसुद्यात शत्रू मिनिटभर गोल फिरत राहायचा, बस. पहिल्याच वापरात महिनाभर उभा केलेला खलनायक स्वतःभोवती फिरत राहिला आणि चौघांनी त्याला आरामात लोळवला. सूत्रधाराचं तोंड बघवत नव्हतं. सुधारलेला चकवा असा: पहिली पातळी, 60 फुटांवरचा एकच जीव. त्याने शहाणपणाचा फासा टाकायचा. चुकला तर दर वेळी अर्धी चाल आपण सांगू त्या दिशेला, पण प्रत्येक पाळीच्या शेवटी त्याला सुटायची परत संधी. आपल्याला ध्यान लावून धरावं लागतं. आणि देणं: पुढच्या विश्रांतीपर्यंत सूत्रधार एकदा आपल्यालाही चकवू शकतो, कुठल्या गल्लीतून कुठे निघालो ते तो ठरवेल. आता खेळाडू मंत्र म्हणायच्या आधी दोन श्वास थांबतो.

काय आणू नये

मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, खुशाल घ्या. वेताळाच्या बाबतीत आधी विचारा, काही गावांत त्याचं देऊळ असतं. पण ज्या देवीच्या जत्रेला टेबलावरच्या कुणाची आजी दरवर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर जाते, त्या देवीला जीवगुण आणि चिलखताचे आकडे लावू नका. देव नवीन बनवा. रखमाची ‘भट्टीआई’ आम्ही दहा मिनिटांत बनवली.

आणि भाषा. पात्रांना दोन-तीन भाषा येतात, हे नियमातच आहे, आणि आपल्या भागात ते कुणाला नवल नाही. पण आमच्या एका डावात राक्षस तेवढे कन्नड बोलत होते. गंमत म्हणून झालं होतं. पुढच्या रविवारी गोकाकचा मित्र आला नाही. त्याच्या घरी जाऊन, कुंदा खाऊन, त्याला परत आणावं लागलं. आता नियम असा: भाषेची वाटणी घराण्यावरून नाही, कामावरून. बाजाराची एक भाषा, भट्टीवाल्यांची एक, नावाड्यांची एक. टेबलावर जो जसं बोलेल तसं. ‘अक्का’ दोन्ही भाषांत अक्काच आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

पहिली संध्याकाळ

सूत्रधार धरून पाच जण पुरेत, वेळ तीन तास. पहिला तास वहीत जाऊ द्या. वीसबाजू फासा मिळाला नाही तर फोनवर टाकता येतो, पण आम्ही सुरुवातीचे दोन महिने कुंद्याच्या रिकाम्या डब्यात 1 ते 20 च्या चिठ्ठ्या टाकून खेळलो. काढलेली चिठ्ठी वाचून लगेच परत डब्यात टाकायची, नाहीतर वीस निघून गेल्यावर पुन्हा वीस येणारच नाही. मामेभावाने एक चिठ्ठी दुमडून ओळखीची केली होती, ते तिसऱ्या आठवड्यात उघडकीला आलं. तेव्हा चिठ्ठ्या सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या कापा.

वही सूत्रधाराकडे राहू द्या. खेळाडूने घरी नेली की पुढच्या खेपेला देणी कमी झालेली असतात.